धुराड्याचे अस्तर आणि न जळलेले सरपण

पेटलेल्या ओंडक्याकडे नीट पाहिले तर ज्योत लाकडाला चिकटलेली दिसत नाही, दोहोंमध्ये थोडे अंतर असते. त्या अंतरातून वायू निघत असतो आणि ज्योत असते ती त्या वायूची. सुक्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग तापल्यावर असा वायुरूप होऊन बाहेर पडतो. मागे उरतो तो कोळसा. हा वायू पुरता जळायचा तर सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान हवे, पुरेशी हवा हवी आणि दोन्हींचा मेळ बसायला वेळ हवा. यातले एक जरी उणे पडले तरी वायू अर्धाकच्चा वर जातो. वात जास्त चढवली की कंदिलाची काच काळी पडते, ती याच कारणाने. पण काच डोळ्यांसमोर असे, म्हणून रोज तिन्हीसांजेला ती राखेने लख्ख पुसली जाई. भिंतीआडून छपरावर गेलेले आठ मीटर उंचीचे धुराडे आतून कोणालाच दिसत नाही. ज्या देशांत हिवाळाभर लाकूड जाळून घर उबदार ठेवतात तिथे धुराडे स्वच्छ करणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला, तो यामुळेच. या लेखात उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडचे, कारण या विषयातल्या बहुतेक चुका आणि त्यांवरचे उपाय तिथे एकाच पिढीत पाहायला मिळाले.

धुराड्यात दोन प्रकारची काळी वस्तू साठते आणि त्यांत गल्लत करून चालत नाही. एक काजळी: कोरडी, भुकटीसारखी, बहुतांशी कार्बन. दुसरे क्रिओसोट. धुरातली डांबरी द्रव्ये आणि पाण्याची वाफ धूरनळीच्या थंड भिंतीवर थिजून जो थर बसतो, तो हा. धुराचे तापमान साधारण १२० अंशांच्या खाली गेले की हे थिजणे जोर धरते. आरंभी हा थर भुसभुशीत असतो, ब्रशने सहज निघतो. त्यावर पुन्हापुन्हा थंड धूर फिरला की चकचकीत, कडक खपल्या होतात. तरीही चूल तशीच धुमसत राहिली तर शेवटी काचेसारखा गुळगुळीत, भिंतीला एकजीव झालेला डांबराचा लेप तयार होतो. पहिल्या अवस्थेत दोन तासांचे काम, तिसऱ्या अवस्थेत कधी कधी अख्खे अस्तर काढून टाकण्याची वेळ, इतका हा फरक आहे.

म्हणजे क्रिओसोट हा कचरा खरा, पण तो मुळात सरपणच आहे. भट्टीत जळायचे राहून गेलेले इंधन पुढच्या वाटेवर साठत राहते, आणि एखाद्या रात्री मोठा जाळ केला की तिथेच पेटते. धुराड्यातल्या आगीत तापमान ११०० अंशांपर्यंत जाऊ शकते. अशी आग कधी आगगाडी घरावरून जावी तसा घोंघावणारा आवाज करते; पण कित्येकदा ती हवेअभावी मंद जळते आणि घरातल्यांना तिचा पत्ताही लागत नाही. धुराड्याच्या आतले खापरी नळ तडकलेले असतात, झडप वाकलेली असते, क्रिओसोट फुगून मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार झालेले असते. हे सारे पुढच्या साफसफाईच्या दिवशी उघड होते, ती झाली तर.

ओल्या लाकडाचा दोष सगळे सांगतात. त्याचे गणित मांडले की तो किती मोठा आहे ते कळते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. नीट वाळवलेल्यात ते २० टक्क्यांच्या आत येते. शिवाय लाकूड अगदी कोरडे असले तरी त्यातल्या हायड्रोजनचे जळताना पाणी होतेच, दर किलो कोरड्या लाकडामागे सुमारे अर्धा लिटर. असे १० किलो ओले लाकूड जाळले तर धुराड्यात साडेसात लिटरांहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने जाते. १० किलो वाळलेले जाळले तर सहा लिटरांच्या आसपास. फरक थोडा वाटतो, पण ओल्यातून मिळणारी उष्णता वाळलेल्याच्या निम्म्याहून थोडीच अधिक असते. म्हणजे तेवढ्याच उबेसाठी दुपटीहून अधिक पाणी, तेही गार धुरातून. आपल्याकडे पाऊस लागण्याआधी माळ्यावर आणि पडवीत सरपण रचून ठेवण्याची जी घाई असे, तिच्यामागे हेच शहाणपण होते. न्यू इंग्लंडात ती घाई वर्षभर आधी करावी लागते: फोडलेले ओकचे लाकूड वाळायला एक उन्हाळा बहुधा पुरत नाही.

आता धूर वर का जातो ते पाहू, कारण अस्तराचा सारा विचार यावर उभा आहे. नळीतला गरम वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो, आणि नळीच्या उंचीइतका हा वजनातला फरक ओढ निर्माण करतो. बाहेर शून्य अंश असताना ८ मीटर उंचीच्या नळीत सरासरी २०० अंशांचा वायू असेल तर ही ओढ हिशेबाने सुमारे ४३ पास्कल येते. तोच वायू १०० अंशांवर आला तर २७. प्रत्यक्षात घर्षणामुळे दोन्ही आकडे कमी भरतात, पण प्रमाण तेच राहते. धूर गार झाला की दुहेरी नुकसान होते: क्रिओसोट जास्त थिजते आणि ओढ मंदावल्यामुळे धूर नळीत जास्त वेळ रेंगाळून आणखी गार होतो. ओढ फारच मेली तर कार्बन मोनॉक्साइड घरात परततो. त्याला वास नाही, रंग नाही.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादकांनी तेलाची कोंडी केली आणि न्यू इंग्लंडमधली तेलावर तापणारी घरे लाकडाकडे वळली. बाजारात हवाबंद लोखंडी शेगड्या आल्या. हवेची वाट जवळपास बंद केली की एकदा भरलेली शेगडी रात्रभर पुरते, हे त्यांचे आकर्षण. आपल्या आज्या रात्री विस्तवावर राख ओढून तो सकाळसाठी जपत. पण त्या झाकत ते निखारे, म्हणजे ज्यातला वायू आधीच जळून गेला आहे असा कोळसा. इथे ताजी लाकडे कोंडून धुमसवली जात होती. आणि शेगडीचा नळ सोडला जात होता जुन्या उघड्या चुल्याच्या प्रशस्त विटांच्या धुराड्यात. ६ इंच व्यासाच्या नळाचे क्षेत्र २८ चौरस इंच. १२ इंची चौकोनी खापरी नळाचे आतले क्षेत्र ११० चौरस इंचांच्या पुढे. तोच धूर चौपट रुंद वाटेत शिरला की त्याचा वेग चौथाईवर येतो. त्यातून धुराडे बाहेरच्या भिंतीला लागून असले तर तीन बाजूंनी बर्फाळ हवा. क्रिओसोट बनवायचे यंत्रच मुद्दाम उभारायचे ठरवले असते तरी याहून निराळे काही करावे लागले नसते. त्या वर्षांत धुराड्यांच्या आगी वाढल्या आणि त्याबरोबर हा मोडकळीला आलेला व्यवसायही पुन्हा उभा राहिला. चिमणी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही संस्था १९८३ ची.

नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या २११ क्रमांकाच्या मानकात पुढे नियम आला: धूरनळीचे क्षेत्र शेगडीच्या धूर सोडणाऱ्या तोंडाच्या तिपटीहून जास्त नको, आणि धुराडे बाहेरच्या हवेला उघडे असेल तर दुपटीहून जास्त नको. हा नियम जुन्या घरात पाळायचा तर उपाय एकच, रुंद धुराड्यात योग्य व्यासाचे नवे अस्तर सोडणे.

अंगरख्याला असते तसेच हे अस्तर: बाहेरचे शाबूत राहावे म्हणून आतून झिजणारे. विटा आणि त्यांमधला चुना उष्णता आणि आम्ल दोन्ही सोसत सोसत खंगतात. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने केलेल्या चाचण्यांत अस्तर नसलेल्या धुराड्याशेजारचे लाकूडकाम साडेतीन तासांत पेटले होते. खापरी अस्तर साधारण दोन दोन फुटांच्या तुकड्यांचे, स्वस्त आणि आम्लाला टिकाऊ. पण धुराड्यात आग लागली की आतली बाजू क्षणात तापते, बाहेरची गारच राहते आणि तुकडा उभा चिरतो. स्टेनलेस स्टीलचे अस्तर हा धक्का सोसते. त्याच्या चाचणीत ते २१०० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ११५० सेल्सिअसवर, दहा दहा मिनिटे तीनदा तापवून पाहतात. मात्र स्टीलभोवती उष्णतारोधक वेष्टण घालण्याचा खर्च वाचवणारे घरमालक अर्धे काम करतात. वेष्टण दोन्हीकडून राखण करते: आतला धूर गरम ठेवते आणि बाहेरच्या वाशांना धग लागू देत नाही. नव्या शेगड्यांना तर त्याची अधिकच गरज. १९८८ पासून अमेरिकी पर्यावरण संस्थेने शेगड्यांच्या धुरावर बंधने घातली, २०२० पासून ती आणखी कडक झाली. आजची चांगली शेगडी वायू आतच जाळते आणि उष्णता खोलीत सोडते, म्हणून धुराड्यात जाणारा वायू मुळातच कमी गरम असतो.

साफसफाईचे काम चांगला कारागीर ब्रश हातात घेऊन सुरू करत नाही. आधी तो पाहतो. विस्तव किमान एक दिवस विझलेला हवा. जमिनीवर कापड, शेगडीच्या तोंडाला आडोसा, आणि बारीक कणही अडवणारा गाळणीचा व्हॅक्यूम सतत चालू, कारण काजळीची भुकटी एकदा खोलीत सुटली की महिनाभर पडद्यांतून निघत राहते. मग दिवा, आरसा, आणि हल्ली लवचिक दांड्याच्या टोकाला कॅमेरा. थर कुठे आहे हे तो वाचत असतो. खालपासून वरपर्यंत सारखा चकचकीत थर म्हणजे लाकूड ओले किंवा हवा फार दाबलेली. फक्त वरच्या दीड मीटरला दाट थर म्हणजे छपराबाहेरचा भाग उघडा आणि गार. एकाच बाजूला ओघळ म्हणजे पावसाचे पाणी. हे वाचून त्याने घरमालकाला सांगितले नाही तर ब्रशने मिळवलेली स्वच्छता पुढच्या हिवाळ्यापुरतीही टिकत नाही.

ब्रश नळीच्या मापाचा हवा. खापरी नळाला पोलादी तारांचा चालतो. स्टेनलेसला नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचा, नाहीतर साध्या पोलादाचे कण पृष्ठभागात रुतून गंजाचे ठिपके पडतात. लवचिक दांडे एकात एक जोडत, ड्रिलने फिरवत ब्रश खालून वर नेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. त्यामुळे बर्फाळ छपरावर चढण्याची गरज कमी झाली. तरीही वरची टोपी पाहावीच लागते. तिची जाळी ही साऱ्या वाटेतली सर्वांत गार जागा, आणि ती क्रिओसोटने बुजली की बाकीची नळी कितीही स्वच्छ असली तरी धूर घरातच येतो. तसेच शेगडी आणि धुराडे यांना जोडणारा नळ, शेगडीतली आडवी पट्टी आणि उघड्या चुल्यात झडपेमागचा धूरकट्टा. या तीन जागा घाईत राहून जातात आणि वरून झाडलेली सारी घाण नेमकी तिथेच पडलेली असते. काचेसारख्या लेपावर मात्र ब्रश नुसता घसरतो. फिरत्या साखळ्यांनी तो फोडता येतो, पण खापरी नळही त्याबरोबर फुटण्याची भीती असते. काही रसायने त्याला काही दिवसांच्या जाळानंतर ठिसूळ करतात. लेप जाड असेल तर अस्तर बदलण्याचा सल्ला देणारा कारागीर लुबाडतो आहे असे समजू नये.

ज्याच्या अंगावर ही काजळी पडते त्याचाही विचार या शास्त्रात हवा. १७७५ मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले की चिमणी झाडणाऱ्यांच्या वृषणकोशाला होणारा कर्करोग काजळीमुळे होतो. एखाद्या धंद्याशी कर्करोगाचा संबंध जोडणारे हे पहिले निदान मानले जाते. या धंद्यातली मुले पाच-सहा वर्षांची असताना अरुंद धुराड्यांतून वर चढवली जात. १८०३ मध्ये जॉर्ज स्मार्ट यांनी दांड्यांचा ब्रश करून दाखवला होता, म्हणजे मुलांची गरज तेव्हाच संपली होती. तरी केंब्रिजजवळच्या फुलबर्न इथल्या रुग्णालयाच्या धुराड्यात अडकून जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा गेला तो १८७५ मध्ये, आणि त्याच वर्षी इंग्लंडचा कायदा खऱ्या अर्थाने कडक झाला. साधन तयार असताना बहात्तर वर्षे मुले चढत राहिली, हे वाचताना आजही संताप येतो. आज काजळी मानवी कर्करोगकारकांच्या निश्चित यादीत आहे. मुखपट्टी न लावता काम करणारा कारागीर आपल्या घरी आला तर त्याला थांबवणे हे घरमालकाचे काम आहे.

तपासणी किती खोल हवी, याच्या अमेरिकी मानकात तीन पायऱ्या आहेत. पहिली, वर्षातून एकदा नेहमीची पाहणी. उघड्या चुल्याच्या नळीत थर अष्टमांश इंच, म्हणजे ३ मिलिमीटर झाला की सफाई. दुसरी, घर विकले, शेगडी बदलली किंवा धुराड्यात आग लागून गेली तर कॅमेऱ्याने संपूर्ण नळी. आणि तिसरी, दोष दडलेला असल्याची खात्री पटली तर भिंत फोडून. मॅसॅच्युसेट्स किंवा न्यू जर्सीत जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना दिवाणखान्यातला चुला शोभेचा वाटतो. खरेदीआधी दुसऱ्या पायरीची तपासणी त्यांनी सोडू नये, कारण आधीच्या मालकाने काय जाळले ते त्या नळीतच लिहिलेले असते. जर्मनीत ही गोष्ट मालकाच्या मर्जीवर नाही. तिथे विभागवार नेमलेला धुराडे-निरीक्षक सात वर्षांतून दोनदा घरातल्या सर्व चुली पाहतो आणि सफाई कधी करायची ते लेखी देतो. २०१३ पासून सफाईसाठी कारागीर मात्र आपल्या पसंतीचा आणता येतो. आग शेजाऱ्याच्या छपरावरही जाते, त्यामुळे मला ही रीत अधिक न्याय्य वाटते.

राहिला मुहूर्त. बहुतेक लोक थंडी पडू लागली की कारागिराला बोलावतात. शास्त्राच्या दृष्टीने योग्य वेळ वसंताच्या आरंभी, शेवटचा विस्तव विझल्यावर. उन्हाळ्याच्या दमट हवेत काजळी ओल धरते, आम्ल होऊन स्टील आणि चुना खाते आणि घरभर कुबट वास पसरतो. दुसरे कारण पंखांचे आहे. उत्तर अमेरिकेतली एक पाकोळी धुराड्यांच्या आतल्या उभ्या भिंतीवर लाळेने काड्या चिकटवून घरटे करते. दक्षिण अमेरिकेतला हिवाळी मुक्काम संपवून ती वसंतात परतते. १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्याने तिचे नांदते घरटे काढायला बंदी आहे. म्हणून ती येण्याआधी नळी झाडून घ्यायची. टोपी नसलेल्या जुन्या विटांच्या धुराड्यात ती उतरलीच, तर पिल्ले उडून जाईपर्यंत चूल पेटवायची नाही आणि ब्रशही वर न्यायचा नाही.