दुसऱ्या पसंतीची मोजणी

२० ऑगस्ट १९६९ रोजी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची मतमोजणी झाली. पहिल्या फेरीअखेर व्ही. व्ही. गिरी यांची ४,०१,५१५ मते होती, नीलम संजीव रेड्डी यांची ३,१३,५४८ आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांची १,१२,७६९. बाकीच्यांची मिळून ८,५०५. एकूण ८,३६,३३७. निवडून येण्यास निम्म्याहून अधिक, म्हणजे ४,१८,१६९ हवी होती. ती कोणाकडेच नव्हती.

ही मते म्हणजे माणसे नव्हेत. राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागायचे आणि पुन्हा एक हजाराने. १९६१च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख, आमदार २७०. म्हणून आपल्या आमदाराच्या मताचे मूल्य १४६. खासदाराच्या मताचे ५७६. (मागे पडलेल्या एका उमेदवाराच्या नावापुढे नेमके ५७६ दिसतात. त्याला किती जणांनी मत दिले असेल, हे मुलांना जरूर विचारावे!)

मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिका पुढची पसंती पाहून वाटल्या जातात. २००० साली अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात जी फेरमोजणी झाली, तिच्यात प्रश्न होता : पहिली मोजणी बरोबर होती का? शेवटी ५३७ मतांच्या फरकावर तिथला निकाल ठरला. आपल्याकडे पत्रिका पुन्हा हाती घेतली जाते ती चूक शोधायला नव्हे, तर मतदाराला दुसरा प्रश्न विचारायला : तुमचा उमेदवार नसेल, तर मग कोण?

१९६९ साली हा दुसरा प्रश्नच कळीचा होता. रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार. पण इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाप्रमाणे मत देण्याची भाषा केल्याने पक्ष दुभंगला होता. देशमुखांना जनसंघ व स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडलेले. त्यांच्या समर्थकांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी, अशी खटपट काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी केली होती.

ती बरीच फळाला आली. बाद झालेल्यांच्या पत्रिकांतून रेड्डींना ९१,८७९ मते मिळाली, गिरींना अवघी १८,५६२. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले; रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले.

बेरीज करून पाहा : १०,८३३ मते कुठेच गेली नाहीत, कारण त्या पत्रिकांवर पुढे उपयोगी पडेल अशी पसंतीच नव्हती. ती सगळी रेड्डींना मिळाली असती तर? ४,१६,२६०. तरीही कमीच. मात्र गिरींकडचे फक्त १३ खासदार रेड्डींकडे वळते, तर गिरी ४,१२,५८९ आणि रेड्डी ४,१२,९१५ असा निकाल लागला असता.

निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. राष्ट्रपती असताना गिरींनी तेथे स्वतः जाऊन साक्ष दिली. १९७० साली त्या याचिका फेटाळल्या गेल्या. काँग्रेस तर त्याआधीच, नोव्हेंबर १९६९ मध्ये, फुटली होती.