खडीची वाट आणि पगारी रजा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तुलाँ शहराच्या पूर्वेस इयेर नावाचे गाव आहे आणि त्याच्या समोर समुद्रात पोर्करोल नावाचे बेट आहे. लांबी सुमारे ७ किलोमीटर, रुंदी ३ किलोमीटरांच्या आसपास. जियाँ द्वीपकल्पाच्या टोकावरून बोटीने निघालेला माणूस पाव-अर्ध्या तासात तेथे उतरतो. पाहुण्याची मोटार मुख्य भूमीवरच राहते. बेटावर पायी चालावे, नाहीतर गावात भाड्याने मिळणारी सायकल घ्यावी आणि पाइन व ओक वृक्षांच्या सावलीतून माती-खडीच्या वाटेने हिंडावे. उद्यानाच्या, शेतीच्या आणि आगीच्या बंबाच्या अशा कामाच्या गाड्या तेवढ्या कधीमधी दिसतात. जाड टायरच्या सायकलीवरून कच्च्या वाटा तुडवण्याच्या या छंदाला आता 'ग्रॅव्हल बाइकिंग' असे नाव मिळाले आहे. नाव नवे, गोष्ट जुनी. सँतेत्येन गावच्या पॉल द विवी यांनी १८८७ मध्ये सायकलस्वारांचे मासिक काढले, तेव्हा डांबरी रस्ता ही अपूर्वाईच होती. त्या काळी सायकलवाला म्हणजे खडीवरचाच प्रवासी.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील, की कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या आम्हांला या श्रीमंती सहलीशी काय कर्तव्य? आमचे उत्तर असे, की शांत वाट ही आकाशातून पडत नाही. ती कोणाच्या तरी जमिनीवरून जाते, कोणाच्या तरी श्रमाने राखली जाते, आणि तिच्यावरून तोच जाऊ शकतो ज्याच्या पदरी सुट्टीचा दिवस आहे. जमीन, श्रम आणि सुट्टी या तिन्हींचा इतिहास या चिमुकल्या बेटात एकत्र सापडतो, म्हणून आम्ही ते आजच्या व्याख्यानासाठी निवडले.

प्रथम जमीन. एकोणिसाव्या शतकात हे बेट एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जात राहिले. शतकाच्या पूर्वार्धात तेथे सोड्याचा कारखाना निघाला. १८८० नंतरच्या काळात एका मालकाने अनाथ व 'उनाड' ठरवलेल्या मुलांची शेती-वसाहत काढली. सुधारणेच्या नावाखाली मुलांकडून राबणूक करून घ्यायची, अशी ती व्यवस्था होती. १८८६ मध्ये त्या मुलांनी बंड केले, प्रकरण न्यायालयात गेले आणि लवकरच वसाहत बंद पडली. आज जेथे सायकलीची घंटा वाजते, तेथे ज्यांनी कुदळी मारल्या त्यांत दहाबारा वर्षांची पोरेही होती, हे विसरून चालणार नाही.

पुढे १८९७ मध्ये मोठा वणवा लागला. भूमध्य समुद्राकाठचे जंगल आपल्या सह्याद्रीच्या जंगलाहून वेगळे असते. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याच्या पाठोपाठ येतो. तेथे तो हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. पाइनच्या लाकडात राळ असते, खाली हीथ आणि मर्टलची झुडपे वाळलेली असतात. त्यात 'मिस्त्राल' नावाचा कोरडा वारा सुटला, की एक ठिणगी पुरते.

१९१२ मध्ये बेट फ्रांस्वा जोझेफ फूर्निए यांनी विकत घेतले आणि पत्नीला लग्नाची भेट म्हणून दिले. हे गृहस्थ मेक्सिकोत सोन्याच्या खाणीवर श्रीमंत झाले होते. त्यांनी बेटावर द्राक्षांचे मळे विस्तृत लावले. त्यात दारूच्या उत्पन्नाचा विचार होता तसा आगीचाही होता. जंगलाच्या मधून मळ्याचा हिरवा, मोकळा पट्टा गेला की वणवा तेथे अडतो. मालक दूरदृष्टीचा होता हे मान्य केले पाहिजे. परंतु पैसा आला कोठून, हेही पाहिले पाहिजे. मेक्सिकोतील त्लालपुहावा गावच्या 'दोस एस्त्रेयास', म्हणजे 'दोन तारे', या खाणीतून तो आला. सोने काढून उरलेला चिखल गावाच्या वरच्या अंगाला साठवलेला असे. २७ मे १९३७ रोजी तो ढिगारा पावसाने फुटला, गावाचा एक भाग चिखलाखाली गेला आणि शेकडो माणसे गाडली गेली. फूर्निए १९३५ मध्येच वारले होते, तेव्हा त्या दिवसाचा दोष त्यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. पण एकाच खाणीच्या सोन्यातून एका ठिकाणी हिरवे बेट उभे राहते आणि तिच्याच गाळाखाली दुसऱ्या ठिकाणी खाणकामगारांचे गाव बुडते, हा हिशेब इतिहासाने एका वहीत मांडला पाहिजे.

आता सुट्टी. १९३६ च्या मे-जूनमध्ये फ्रान्समधील कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन अभूतपूर्व संप केला. लेआँ ब्लूम यांचे सरकार नुकतेच आले होते. ७-८ जूनच्या रात्री मातिन्याँ करार झाला, आणि २० जूनच्या कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षातून दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पाठोपाठ चाळीस तासांचा आठवडा आला. लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने रेल्वेचे सवलतीचे सुट्टी-तिकीट सुरू केले. त्याचा लाभ पहिल्याच उन्हाळ्यात पाच-सहा लाख लोकांनी घेतला. अनेक जोडपी दोघांच्या सायकलीवर तंबू बांधून निघाली. जन्मात समुद्र न पाहिलेल्या माणसांनी समुद्र पाहिला. सुखवस्तूंची वर्तमानपत्रे कुरकुरली, की आता किनारे घाण होणार. तिसरा आठवडा १९५६ मध्ये, चौथा १९६९ मध्ये आणि पाचवा १९८२ मध्ये मिळाला. यातला एकही आठवडा कोणी दान म्हणून दिला नाही.

महाराष्ट्राने हे परके समजू नये. गिरणीत आठवड्याचे सातही दिवस काम चाले, त्या काळी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र केले. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पगारी वार्षिक रजेचे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्याने पक्के केले. मात्र जो कारखान्याच्या हजेरीपटावरच नाही, त्या असंघटित मजुराला आजही रविवार म्हणजे बुडालेली मजुरी.

सुट्टी मिळाली तरी जायचे कोठे? १९३६ नंतरही पोर्करोलची बहुतेक जमीन एकाच कुटुंबाची होती. महायुद्धानंतर किनाऱ्यावर बंगले आणि हॉटेले यांची रांग उभी राहू लागली, आणि बेटाचेही तुकडे पडतील अशी भीती निर्माण झाली. तेव्हा १९७१ मध्ये फ्रेंच सरकारने बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग विकत घेतला. शेजारच्या पोर-क्रो बेटावर १९६३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेच होते. त्या उद्यानाकडे पोर्करोलची देखरेख गेली, आणि २०१२ मध्ये हे बेट उद्यानाच्या गाभ्यात सामील झाले. एका घराण्याची भेटवस्तू सार्वजनिक झाली. आमच्या मते बेटाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा दिवस होय.

सार्वजनिक म्हणजे मोकाट नव्हे. गावाबाहेर धूम्रपानास बंदी आहे. सायकल रुंद वाटांवरच चालवायची, अरुंद पायवाटांवर नाही. कारण चाकांनी माती सुटते, आणि सुटलेली माती हिवाळ्याच्या पावसात समुद्राला मिळते. वणव्याचा धोका फार वाढला, की जंगलात शिरण्यासच मनाई होते. २०२१ पासून उन्हाळ्यात दिवसाला ६००० पाहुण्यांची मर्यादा घातली गेली. मर्यादा आली की सामान्य माणूस बाहेर राहील, अशी शंका आम्हांलाही शिवते. परंतु मर्यादा दोन प्रकारची असते. एक पैशाची, दुसरी संख्येची. पैशाची मर्यादा गरिबालाच अडवते. संख्येची मर्यादा रांग धरते, आणि रांगेत शेठजी व हमाल एकामागे एक उभे राहू शकतात.

मोटारीला बंदी असलेले गाव आपल्यालाही नवे नाही. माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पण तेथे मोटार गेली आणि माणूस ओढणारा माणूस उरला. पिढ्यान्पिढ्या हातरिक्षा चढावर ओढली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, हे योग्यच झाले. हवा शुद्ध राहावी म्हणून एकाने दम लागेपर्यंत धापा टाकाव्यात, हा सौदा कोणत्याही निसर्गप्रेमाला शोभत नाही. सायकलीचे मोठेपण येथेच आहे. तिच्यावर बसणारा आपले ओझे आपणच वाहतो.

श्रोतेहो, रान राखायचे की लोकांना सुट्टीचे सुख द्यायचे, असा झगडा लावून देणारे पुष्कळ भेटतात. पोर्करोलचा इतिहास सांगतो, की हा झगडा खोटा आहे. रान राखण्यासाठी ते सर्वांच्या मालकीचे व्हावे लागते, आणि सर्वांच्या मालकीला अर्थ यायचा तर सर्वांच्या हाती मोकळे दिवस असावे लागतात. आपल्या गावाजवळची टेकडी, तळे, गायरान कोणाच्या नावावर आहे, याची चौकशी आज घरी जाताना प्रत्येकाने मनाशी करावी. आणि आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला पगार न कापता रजा मिळते की नाही, याचीही.