किमान वेतन आणि कोंकणचा नवखा कामगार

रत्नागिरीकडील इतिहाससाधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर व खोतीचे कागद यांकडेच आपली दृष्टि जाते. परंतु मुंबईच्या गिरण्यांत या जिल्ह्याच्या लोकांचा भरणा मोठा होता, व येथील कित्येक घरें तिकडून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत. म्हणून मजुरीचा दर वाढला म्हणजे नवख्या पोरास काम मिळे कीं नाहीं, हा प्रश्न या जिल्ह्याच्या इतिहासांतलाच समजला पाहिजे.

प्रथम कायद्यांचा क्रम पाहूं. १८८१ मध्यें ७ वर्षांखालील मुलांस कारखान्यांत मनाई झाली. ही मर्यादा १८९१ मध्यें ९ व १९२२ मध्यें १२ वर्षांवर गेली. १९२२ नंतर १५ वर्षांखालील मुलास दिवसास ६ तासच काम देतां येई. प्रौढास ११ तास. एका जागेवर दोन मुलें लावावयाचीं व प्रत्येकाचा वयाचा दाखला सांभाळावयाचा, हा व्याप मालकांस परवडेना. मुळांतच थोडीं असलेलीं मुलें गिरण्यांतून जवळजवळ नाहींशीं झालीं. येथें दर वाढला नव्हता, काम करून घेण्याचा खर्च वाढला होता.

पुढें १९४७ मध्यें औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यानें मुंबईच्या सुती गिरण्यांत २६ दिवसांच्या कामास किमान मूळ वेतन ३० रुपये ठरलें. १९४८ च्या किमान वेतन कायद्यांत प्रौढ, किशोर, बालक व उमेदवार यांस निरनिराळे दर ठरविण्याची मुभा ठेविली होती. यांतील पेंच उघड आहे. दर एकच ठेवला तर मालक शिकाऊ हात टाळील; वेगळा ठेवला तर स्वस्त पोरावर प्रौढाचें काम भागवील.

तथापि वेतनवाढीनेंच तरुणांचें काम गेलें, असें म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. बदली कामगारांवरील नियंत्रण १९३५ मध्येंच आलें होतें. ठराविक लोकांस महिन्याच्या आरंभीं कार्डें मिळत, व त्यांस रोज गिरणीवर हजेरी द्यावी लागे. त्यापूर्वीं मुकादमाची दस्तुरी होतीच. नवख्याची प्रतीक्षा अशी निवाड्याहून जुनी आहे. कालानुक्रम विसरून कारण सांगणें इतिहासास शोभत नाहीं.

निर्णय व्हावयाचा तो घरगुती कागदांवरून. पोर मुंबईस केव्हां पोंचला, खानावळीचें देणें किती महिने थकलें, पहिली मनीऑर्डर केव्हां आली, हें जुळविलें तर निवाड्यापूर्वींची व नंतरची प्रतीक्षा मोजतां येईल. असे कागद कोंकणच्या पावसांत कुजतात किंवा रद्दींत जातात. संग्राहकांनीं सनदेशेजारीं बदलीच्या कार्डासहि जागा द्यावी, इतकीच आमची विनंति आहे.