तागाच्या चटईवरची कसोटी

चला, लखनौच्या विकास नगरातून निघू. मोबाइल घरीच ठेवा, तिथे रेंज नाही. आपल्याला ऑक्टोबर १९५२ मध्ये पोचायचंय. ई-रिक्षांचे भोंगे मागे पडले, कोचिंग क्लासच्या पाट्या विरल्या, की मिळेल त्या टांग्यात चढा आणि दांडी घट्ट धरा. धूळ थेट नाकात जाणार, वर घोड्याच्या घामाचा वास. तक्रार करू नका, इथे सगळे असेच येतायत.

उतरा. गोमतीकाठचं हे लखनौ विद्यापीठाचं मैदान. ‘पहले आप’ म्हणणारं शहर आज फाटकापाशी बिनदिक्कत कोपरं मारतंय. तुम्हीही मारा, नाहीतर भारत-पाकिस्तान मॅच बाहेरच संपेल. अत्तर, बिडी आणि तोंडातल्या पानाचा वास एकमेकांत मिसळलाय. पायाखाली शेंगांची टरफलं कुरकुरतायत.

जागा मिळाली? आता खेळपट्टीकडे बघा. गवत शोधू नका, टणक मातीवर तागाची चटई ताणून बसवलीय. एक माणूस गुडघे टेकून कडेचा खिळा ठोकतोय. चटई ओढतो, तळव्यानं चाचपतो, मनासारखं होत नाही म्हणून पुन्हा ठोकतो. एवढीशी सुरकुती राहिली तरी कुणाची तरी दांडी उडेल.

मग पाकिस्तानचा गोलंदाज फझल महमूद धावत येतो. चेंडू चटईवर ‘थप्प’ आपटतो, तागाला पकडतो आणि बॅट चुकवून बाहेर निघतो. तुमच्या शेजारचे काका दर वेळी मांडीवर हात आपटतात, दुर्दैवानं मांडी तुमची असते. भारत १०६ वर गारद! ‘विनू कुठाय?’ मागून कुणीतरी ओरडतं. आधीच्या दिल्लीच्या कसोटीत तेरा बळी घेणारा विनू मंकड या सामन्यात नाही, फलंदाज हजारेही नाहीत. काकांना सांगून बघा, त्यांचा राग दुप्पट होईल.

आता खरी परीक्षा तुमची. नझर मोहम्मद सलामीला आलाय आणि जायचं नाव घेत नाही. मान उन्हानं भाजतेय, सदरा पाठीला चिकटलाय, बाकाची फळी रुततेय. तुम्ही रेवड्या खाऊन, पाणी पिऊन, दोनदा जागा बदलून येता, तरी तो तिथेच. ५१५ मिनिटं! डाव ३३१ वर संपतो तेव्हा तो १२४ वर नाबाद, पाकिस्तानचा पहिला कसोटी शतकवीर. वर भारताच्या दोन्ही डावांत क्षेत्ररक्षणही त्यानं केलं, म्हणजे अख्खा सामना मैदानातच. आणि तुम्हाला दोन तासांत पाठदुखी!

दुसऱ्या डावात फझल आणखी सात जणांना घरी पाठवतो. कर्णधार लाला अमरनाथ नाबाद ६१ वर एकटेच लढत राहतात. भारत १८२. एक डाव आणि ४३ धावांनी पाकिस्तानचा पहिला कसोटी विजय, तोही तुमच्या डोळ्यांदेखत. मैदानाची मात्र ही पहिली कसोटी, तशीच शेवटचीही.

गर्दी आपल्याच खेळाडूंवर खवळलीय, तेव्हा रेंगाळू नका. काकांना हळूच सांगा, ‘पुढची कसोटी मुंबईला, ब्रेबॉर्नवर. हजारे परत येतायत, शतक ठोकतील, दहा गडी राखून जिंकू.’ ते तुम्हाला वेड्यात काढतील. पैज लावा.