खिसेकापूच्या सिनेमातलं स्वराज्य

"सिनेमात राजकारण कशाला? डोकं बाजूला ठेवायला तर जातो आपण!" शुक्रवारी कँटीनमध्ये एका मित्राने ऐकवलं आणि मला 'किस्मत' आठवला. शनिवारी पुन्हा बघून काढला.

साल १९४३. 'चले जाव'ला वर्षही झालं नव्हतं. गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये, नेहरू नगरच्या किल्ल्यात. अशा वेळी बॉम्बे टॉकीजने काय काढलं, तर खिसेकापूची गोष्ट! अशोककुमार चक्क चोर, लंगडी नायिका, लहानपणी घरातून पळालेला मुलगा, शेवटी सगळ्यांची भेट. हिंदी सिनेमाने पुढे वर्षानुवर्षं जे दळण दळलं ते सगळं इथे आहे.

आणि मध्येच स्टेजवरचं ते गाणं, कवी प्रदीप यांचं. हिंदुस्थान आमचा, परक्यांनी चालतं व्हावं, असा सरळ आशय. फक्त नाव घेतलंय जर्मन आणि जपान्यांचं. महायुद्ध चालू, इंग्रजांचे शत्रू तेच. सेन्सॉरला वाटलं युद्धप्रचारच आहे, पास! (नुसते शब्द जुळवणारा फिल्टर असाच फसतो...) थिएटरातल्या माणसाला मात्र परके कोण हे सांगावं लागलं नाही. लोक रीळ मागे घेऊन गाणं पुन्हा दाखवायला लावायचे म्हणतात. सरकारच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला आणि प्रदीप यांना अटक टाळायला भूमिगत व्हावं लागलं.

उघड बोलण्याची किंमत ठाऊक होतीच. १९३० मध्ये प्रभातच्या शांतारामबापूंनी शिवाजी महाराजांवर 'स्वराज्याचे तोरण' काढला. नावातच स्वराज्य! शेवटी तो 'उदयकाल' होऊन पडद्यावर आला.

मग कलकत्त्याच्या रॉक्सीत 'किस्मत' तीन वर्षांहून जास्त चालला तो गाण्यामुळे? छे, मला नाही वाटत. लोक अशोककुमारची चोरी बघायला येत होते. 'फिल्मइंडिया'चे बाबूराव पटेल तर याचमुळे भडकले होते, गुन्हेगारीचं उदात्तीकरण म्हणून!

उलट १९४६ चा चेतन आनंदचा 'नीचा नगर' घ्या. गरीब वस्तीकडे घाण पाणी सोडणारा श्रीमंत, कोण कोणाच्या बाजूने हे पहिल्यापासून स्पष्ट. कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार (वाटून का होईना), पण इथे तो फारसा लागलाच नाही.

मित्राला दोन्ही बघ म्हटलं. काल रात्री फोन आला, 'किस्मत' अर्धा झालाय. गाण्याबद्दल अवाक्षर नाही. "अरे, तो शेवटी पकडला जातो का?"