रविवारची सुट्टी कोणी मिळविली?

अतिश्रमाने शरीर झिजते, हे कळण्यास वैद्य लागत नाही. परंतु श्रमाला मर्यादा घालणे वैद्याच्या हाती नसते. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला ‘विश्रांती घ्या’ असे सांगणे म्हणजे ‘उपाशी राहा’ असे सांगण्यासारखेच होय. मुंबईच्या गिरणीकामगारांनी या पेचातून वाट कशी काढली, तो इतिहास म्हणूनच मननीय आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापसाची पहिली गिरणी स्थापन केली. पुढे कोकणातून व घाटावरून माणसे भोंग्याच्या हाकेला धावू लागली. कष्ट त्यांना नवे नव्हते. पण शेतीच्या कष्टांत पाऊस, ऋतू व सणवार आपोआप खंड पाडीत. वाफेच्या यंत्राला ऋतू नव्हता. गिरणी सूर्योदयाला सुरू होई व सूर्यास्ताला थांबे. उन्हाळ्यात हे तास तेरांवर जात. रविवारचे काही तासही पुष्कळदा यंत्रे पुसण्यात संपत. १८८१च्या कारखाना कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढांच्या तासांना मात्र मर्यादाच घातली नाही.

गिरणीच्या हवेत कापसाची बारीक धूळ तरंगत असे. अशा धुळीने छाती आवळून येते व दम लागतो. या विकाराची एक खूण वैद्यकाने पुढे नोंदली आहे: आरंभी हा त्रास सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी अधिक जाणवतो. शरीराला उसंत मिळाली म्हणजेच त्याला आपले दुखणे नीट सांगता येते, असा याचा अर्थ. ज्याला सुट्टीच नाही, त्याचे दुखणे मुकेच राहणार.

या मुक्या दुखण्याला वाचा देण्याचे काम नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. १८४८ साली जन्मलेले लोखंडे जोतीराव फुले यांचे सहकारी होते. गिरणीत नोकरी केल्याने तेथील जिणे त्यांनी जवळून पाहिले होते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालविले. सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंत, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि अपघात झाल्यास बरे होईपर्यंत वेतन. शेवटच्या मागणीत सारे मर्म आहे. शरीर हेच ज्याचे भांडवल, त्याचे शरीर मोडले तर भरपाई कोणी करावी, हा तो प्रश्न होता.

उत्तर यायला सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला व दुपारच्या विसाव्याला आधार दिला आणि स्त्रियांचे काम अकरा तासांपुरते मर्यादित केले. खुद्द लोखंडे १८९७ साली, प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करीत असताना निधन पावले.

लढा मात्र संपला नव्हता. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही गळून पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी काही गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. पुन्हा ओरड झाली, चौकशा झाल्या. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांचा ठरला. १९२२ मध्ये कारखान्यांत आठवड्याचे तास साठ झाले, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत चोपन्न व १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस.

दिवा यंत्राला जागे ठेवू शकतो. माणसाची झोप तो वाचवू शकत नाही. ती वाचविण्यासाठी घड्याळावर माणसाची हुकमत लागते, आणि ती एकट्याने प्राप्त होत नाही. एकट्याने विश्रांती घेतली तर गिरणीत तिचे नाव ‘खाडा’ पडे; सर्वांनी मिळून मागितली, तेव्हा तिचे नाव ‘रविवार’ झाले.