फर्मानाची अदालत: बिदर-कलबुर्गीतील अंमल आणि न्याय

अमेरिकेच्या राज्यघटनेने न्यायाधीशाची नेमणूक सद्वर्तन असेपर्यंत कायम ठेवली आणि पदावर असताना त्याचा पगार घटवण्यास मनाई केली; पुढे १७८९च्या कायद्याने संघीय न्यायालयांची, म्हणजे घटक राज्यांच्या न्यायालयांहून वेगळी, स्वतंत्र उतरंड उभी राहिली. निजामाच्या हैदराबाद संस्थानात न्याय आणि अंमल यांची फारकत झाली ती मात्र फर्मानाने, आणि सत्ताधीशाच्या कृपेने मिळालेल्या या स्वातंत्र्याला मर्यादाही त्याच कृपेच्या होत्या. बिदर आणि गुलबर्गा (२०१४पासून कलबुर्गी) या सीमावर्ती जिल्ह्यांत ही गोष्ट स्पष्ट दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील महसूल बहुधा मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेच्या बोलीवर दिला जाई, आणि मक्ता घेणाऱ्या तालुकदाराच्या हाती वसुलीबरोबर तंटे तोडण्याचा अधिकारही येई. १८५३ ते १८८३ दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनी १८६५ साली जिलाबंदी केली, मुलुखाचे जिल्हे आखले आणि तालुकदार या जुन्या नावाखाली नवा पगारी अधिकारी बसवला. अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर. त्याच्या हाताखाली दुवम व सुवम तालुकदार, त्यांच्याखाली तहसीलदार, आणि कित्येक जिल्ह्यांवर मिळून सुभेदार अशी ही रचना होती. गुलबर्गा हे सुभ्याचे ठाणे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या फेररचनेनंतर या सुभ्यात गुलबर्गा, बिदर, रायचूर आणि उस्मानाबाद असे चार जिल्हे होते. कन्नड, मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्या या रयतेवर ज्या दफ्तराचा अंमल चालला ते आधी फारशीत व १८८४पासून उर्दूत लिहिले गेले. मराठी गावकऱ्याला फिर्याद, दस्तऐवज, तहकीकात हे शब्द परके वाटले नसतील, पण आपल्या जमिनीचा कागद वाचण्यासाठी त्याला अनेकदा दुसऱ्याचे तोंड पाहावे लागले.

सालारजंगांचे निधन १८८३च्या फेब्रुवारीत झाले. त्याच्याच आदल्या महिन्यात अमेरिकेत पेंडल्टन कायदा झाला होता, ज्याने पक्षाच्या मर्जीने नोकऱ्या वाटण्याच्या प्रथेला परीक्षेचा लगाम घातला. हैदराबादेत लगाम कोणाच्या हाती असावा हा वाद वेगळ्या रूपाने पेटला: सालारजंगांनी उत्तर हिंदुस्थानातून आणलेल्या कर्तबगार अधिकाऱ्यांविरुद्ध मुल्की, म्हणजे संस्थानातीलच, लोकांनी आपला हक्क मागितला, आणि १९१९च्या नियमांनी मुल्कीपणासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट घालून त्याला कायद्याचे रूप दिले. राज्यघटनेच्या ९८व्या दुरुस्तीने (२०१२) आलेले कलम ३७१-जे, ज्यामुळे या भागात स्थानिकांसाठी सरकारी जागा राखल्या जातात, त्याच मागणीचे दूरचे वंशज म्हणता येईल.

न्यायाच्या बाजूने पाहता, पूर्वी अनेक तालुक्यांत तहसीलदारच मुन्सिफाचे, म्हणजे दिवाणी न्यायाधीशाचे, काम पाही. १९२१च्या फर्मानाने न्यायखाते महसूल खात्यापासून वेगळे झाले. ब्रिटिश हिंदुस्थानात कलेक्टर हाच जिल्हा दंडाधिकारी राहिला होता, आणि देशपातळीवर ही फारकत १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पूर्ण केली, हे पाहता ही घटना खरोखरच पुढची होती. परंतु ती खालसा, म्हणजे थेट सरकारी अंमलाच्या, मुलुखापुरती. कल्याणीसारख्या जहागिरी आणि पायगा, म्हणजे फौजेच्या खर्चासाठी दिलेल्या जहागिरी, यांत जहागीरदारांचे अधिकार वेगळे चालत; आणि वर अदालत-ए-आलिया, म्हणजे उच्च न्यायालय, त्यावर निजामाची जुडिशियल कमिटी असली तरी अखेरचा शब्द खुद्द निजामाचा. संस्थानाने १९३५च्या भारत सरकार कायद्याच्या संघराज्यात प्रवेश केला नाही, त्यामुळे १९३७चे संघ न्यायालय बिदरच्या वकिलाला केवळ वर्तमानपत्रातील बातमी होते.

१९४८च्या सप्टेंबरातील भारताच्या पोलीस कारवाईनंतर पुढल्याच वर्षी जहागिरी संपल्या, आणि २६ जानेवारी १९५०ला घटनेच्या कलम ३७४ने संस्थानी प्रिव्ही कौन्सिलांचा, म्हणजे जुडिशियल कमिटीसारख्या मंडळांचा, अधिकार रद्द करून प्रलंबित अपिले सर्वोच्च न्यायालयाकडे नेली. अमेरिकेसारख्या दोन समांतर उतरंडी भारताने ठेवल्या नाहीत. तालुक्याच्या मुन्सिफापासून दिल्लीपर्यंत एकच जिना राहिला. १९५६च्या पुनर्रचनेत त्याचा मधला टप्पा हलला: जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे राहिले, आणि बिदरचे जे अपील दीडशे किलोमीटरांच्या आत हैदराबादेत चालत असे त्यासाठी सुमारे सातशे किलोमीटरांवरचे बंगळूर गाठावे लागू लागले. हा त्रास बावन्न वर्षे चालला. जुलै २००८मध्ये गुलबर्ग्यात उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ आले, २०१३मध्ये ते कायम झाले.

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील सीमेचा तंटा मात्र या जिन्याने चढलाच नाही. महाराष्ट्राने २००४ साली तो घटनेच्या कलम १३१खाली, म्हणजे राज्याराज्यांतील वाद थेट ऐकण्याच्या अधिकाराखाली, सरळ सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडेही दोन राज्यांच्या सीमेचे खटले असेच थेट येतात. महाराष्ट्राच्या मागणीत बेळगाव-कारवारच्या जोडीला बिदर आणि गुलबर्ग्याकडील मराठी गावेही आहेत, आणि त्यांच्या जुन्या सेतवार-पहाण्यांवरची, म्हणजे जमिनीच्या नोंदींवरची, अक्षरे आजही उर्दूच आहेत.